इंदिरा पर्यावरण भवन, दिल्ली: बघायचं ते छताखाली

जोरबागेतल्या, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या या इमारतीचं नाव निघालं की बोलणं थेट सोलारवर जातं. छत आहेच तसं: 930 किलोवॅटचे पॅनेल, कडेच्याही बाहेर आलेले, जवळपास 4,650 चौरस मीटर. वर्षाला 14 लाख युनिटांचा अंदाज. आता हे 31 हजारांहून जास्त चौरस मीटर बांधकामावर वाटा. चौरस मीटरमागे वर्षाला 45 युनिटं हातात येतात. एसी, दिवे, लिफ्ट, कॉम्प्युटर, सगळं त्यात बसवायचं. 2014 साली सुरू झालेल्या सरकारी ऑफिसात हे गणित मांडलं गेलं, याला पूर्ण मार्क.

भार आधी कापलाय. एरवी 20 चौरस मीटरला एक टन एसी धरतात, इथे 40 ला एक. दिव्यांना चौरस मीटरमागे 5 वॅट. खोली 26 अंशांवर. थंडावा चिल्ड बीममधून, म्हणजे छतातल्या गार पाण्याच्या कॉइलमधून येतो: पाणी 16 अंशांनी आत जातं, 20 ने परततं. नेहमीचं 7 अंशांचं पाणी करण्यापेक्षा चिलरला (पाणी गार करणाऱ्या यंत्राला) हे खूप हलकं जातं, आणि पंख्यांची वीजही वाचते.

बीमची गोची दमटपणात आहे. 26 अंशांना आर्द्रता 50 टक्के असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होतात) 15 च्या जरा खाली, बीम कोरडा. तीच 60 टक्के झाली की दवबिंदू साडेसतरावर जातो आणि 16 अंशांची कॉइल टपकू लागते, खाली फाईल असो की लॅपटॉप. म्हणून बाहेरची हवा कोरडी करणारं युनिट सकाळी बीमच्या आधी चालू करायचं, मग पाणी सोडायचं. मुंबईत ही नक्कल करणाऱ्यांनी या युनिटात काटकसर करू नये. बीम टपकायला एक उघडी खिडकी पुरते.

इमारतीतली उष्णता जमिनीत टाकायची सोय मला सगळ्यात आवडली. 80 मीटर खोल 180 बोअर, प्रत्येकात 32 मिमी एचडीपीई (प्लास्टिक) पाइपचा यू-लूप, भोवती बेंटोनाइट या चिकणमातीचा गारा. एका बोअरमागे 0.9 टन, म्हणजे कूलिंग टॉवरशिवाय (तो पाणी वाफवून उष्णता घालवतो) 160 टन. तेवढं पाणी वाफ होऊन उडत नाही. खटकतं ते अंतर: किमान 3 मीटर. दिल्लीत जमिनीत उष्णता टाकणंच जास्त, काढून घेणं नावाला, त्यामुळे बोअर दाटीने असले की माती वर्षागणिक तापत जाते आणि कंडेन्सरचं (चिलरची उष्णता बाहेर काढणाऱ्या भागाचं) पाणी गरम परततं. जागा असेल तर 5-6 मीटर ठेवा. पुण्यात बोअर काळ्या पाषाणात मारावा लागेल, तेव्हा आधी एक मारून चाचणी घ्या, मगच संख्या ठरवा.

आणि ‘नेट झीरो’, म्हणजे वापरली तेवढी वीज स्वतः बनवणं, हा वर्षाचा हिशोब आहे. डिसेंबरच्या धुक्यात आणि रात्री वीज ग्रिडचीच. लाइट गेली की सोलारची वीज ग्रिडला जोडणारा साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर भर उन्हातही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो.