वायरची की बिनवायरची? मोठ्या कपासाठी, गोव्याच्या दमट हवेत

उकाड्याचा विषय निघाला की गोव्यात ठरलेला सल्ला मिळतो: कपाखाली वायर असलेली ब्रा सोडा, साधी सुती बिनवायरची घ्या, मोकळं वाटेल. ए-बी अशा लहान कपासाठी तो रास्त आहे. डीच्या पुढे मात्र गणित फिरतं. तिथे गरम होतं ते वायरीमुळे कमी आणि कातडीला कातडी चिकटल्यामुळे जास्त. माझा कल कुठे आहे हे यावरून कळलंच असेल, तरी बिनवायरची बाजूही पडती नाही.

तुलनेआधी माप पक्कं हवं. नाहीतर चुकीच्या मापाची वायर एका बाजूला आणि बरोबर मापाची बिनवायर दुसऱ्या बाजूला ठेवून निकाल दिला जातो. बाजारातल्या बऱ्याच दुकानांत अजून जुनी रीत चालते: छातीखालचा घेर घ्यायचा आणि त्यात चार-पाच इंच मिळवून पट्ट्याचा आकडा सांगायचा. समजा छातीखाली ३४ इंच आणि भर छातीवर ४० इंच आहेत. जुन्या रीतीने ३४ अधिक ४ म्हणजे ३८, उरले दोन इंच, म्हणजे दुसरं अक्षर, म्हणून हातात येते ३८ बी. खरं माप ३४च्या पट्ट्यावर सहा इंचांचा फरक, म्हणजे ब्रिटिश पद्धतीत (ए, बी, सी, डी, डीडी, ई) ३४ ई. ३८ बीच्या कपात जेवढं मावतं तेवढंच ३४ डीच्या कपात मावतं. म्हणजे पट्टा चार इंच ढिला आणि कप दोन अक्षरं लहान. मग वायर टोचणारच, आणि दोष मात्र वायरीच्या माथी.

घरी मोजताना श्वास सोडून, टेप छातीखाली घट्ट आणि पाठीमागे सरळ रेषेत धरा. विषम आकडा आला तर पुढचा सम आकडा घ्या. भर छातीचं माप एकदा उभं राहून आणि एकदा कमरेत वाकून घ्या, आणि दोन्हींची सरासरी काढा. फरकाचा दर इंच म्हणजे एक अक्षर. डीनंतर मात्र कंपनीगणिक अक्षरं बदलतात, कुणाचं डीडी तेच दुसऱ्याचं ई. म्हणून दुकानात अक्षर सांगू नका, इंच सांगा.

आता बिनवायरची. चांगली बिनवायर म्हणजे डोक्यातून घालायची लवचीक बनियन नव्हे. ती दोन्ही स्तन एकत्र दाबते, आणि मधल्या फटीत घाम साचतो. चांगलीला तीन तुकड्यांचा शिवणीचा कप असतो, काखेकडच्या बाजूने आतून कापडाचा आधार असतो, पाठीमागे हुकांच्या निदान तीन ओळी असतात आणि खांदपट्टी दोन सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते. गुळगुळीत, बिनशिवणीचा साचेबंद कप दिसायला छान, पण जड छातीला शिवणच उचलून धरते. अशी बिनवायर घरी, झोपताना, बसून करायच्या कामात उत्तम. पाळीच्या आधी छाती सुजते तेव्हाही हीच सोसवते. स्तनपानाच्या काळात आणि छातीच्या शस्त्रक्रियेनंतर तर आधी हीच, पुढचं डॉक्टर सांगतील तसं.

मग अडतं कुठे? खालच्या पट्ट्यात. समोर धरून ठेवायला काही नसल्यामुळे छातीचं वजन पट्ट्याला खाली ओढतं, आणि बसल्यावर पोट त्याला वर ढकलतं. दोहोंच्या मध्ये पट्टा गुंडाळला जातो. स्कूटरवर पर्वरीहून पणजीला जाईपर्यंत तो सुतळीएवढा होऊन नेमका स्तनाखालच्या घडीत बसतो. सुती होजिअरी असेल तर घामाने भिजून दुपारपर्यंत सैलही पडते, मग कप खाली येतो आणि स्तन पोटाच्या कातडीवर टेकतो. ओला गुंडाळलेला पट्टा, वर टेकलेली कातडी आणि जून ते सप्टेंबरची हवा. एवढ्यात घामोळं येतं, मग लाल चट्टा, मग कडेकडेने पसरणारी बुरशीची खाज. बऱ्याच जणी यावर एक नंबर मोठी ब्रा घेतात. त्याने गुंडाळी वाढते, कारण पट्टा आणखी ढिला होतो. एक नंबर लहान पट्टा, एक अक्षर मोठा कप आणि बगलेखाली उभी पट्टी शिवलेली, असं मिळालं तर गुंडाळी कमी होते. पूर्ण जात नाही, निदान माझ्यासारख्या जड बांध्यावर तरी नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

बरोबर मापाची वायर नेमकं हेच टाळते. ती घडीत बसते आणि कप स्तनाला कातडीपासून उचलून धरतो. दोन कपांना जोडणारा मधला भाग छातीच्या हाडाला चिकटून राहतो, त्यामुळे मध्येही हवा खेळते. वजन खांद्यांवर न येता बहुतांश पट्ट्यावर येतं, आणि खांद्यावरचे खोल वळ कमी होतात. खांदे पुढे झुकवून चालायची सवयही काही अंशी सैल पट्ट्यामुळेच लागलेली असते. तेवढी तरी सुटायला मदत होते.

पारख अशी करा. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर लावा. पुढे इलॅस्टिक सैल पडेल तेव्हा आतले हूक कामाला येतात. नंतर पुढे वाका, विरुद्ध बाजूच्या हाताने काखेकडचा भाग कपात ओढून घ्या आणि सरळ व्हा. ही पायरी चुकली तर कप मोठा असल्याचा भास होतो. आता खांदपट्ट्या खाली उतरवा. पट्टा जागेवर राहिला पाहिजे, आणि त्यात दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. मधला भाग हाडावरून उचललेला दिसला किंवा वायर काखेजवळ मऊ भागावर चढली, तर बहुधा कप लहान आहे. वरच्या कडेतून छाती फुगून चार भाग दिसत असतील तरीही तेच. पाठीमागे पट्टा वर चढत असेल तर पट्टा मोठा आहे, खांदपट्ट्या आवळून तो खाली येणार नाही.

वायरीचे दोष खरे आहेत. पहिला म्हणजे तिचं टोक बाहेर येणं. मशीनमध्ये धुतल्याने आणि पिळल्याने वायर वाकते आणि आवरणाची शिवण फाडून काखेजवळ डोकं काढते. टोक आत ढकलून वरून जाड कापडाचा छोटा तुकडा पक्क्या टाक्यांनी शिवला तर काही महिने निघतात. वायरच मोडली असेल तर दोन्ही बाजूंच्या काढून टाका आणि ती ब्रा घरात वापरा. दुसरा दोष आपल्या किनाऱ्याचा: खाऱ्या हवेत हूक गंजतात, आणि हलक्या प्रतीच्या वायरीचं आवरण निघालं की तीही गंजते आणि कापडावर तपकिरी डाग पडतो. हुकांचा गंज बिनवायरलाही सोडत नाही, ही अर्थात समाधानाची गोष्ट नव्हे.

तिसरा प्रश्न वाळवण्याचा, आणि पावसात तो सगळ्यात मोठा. इथे वायरीपेक्षा फोम जास्त छळतो. पॅडेड कप पाणी धरून ठेवतो आणि दोन दिवसांनीही आतून ओलसर लागतो. बिनपॅडचा, पातळ जाळीचा, आतून मऊ सुती अस्तर असलेला कप पंख्याखाली रात्रीत वाळतो. म्हणून वायरची घ्यायचीच तर बिनपॅडची. हूक लावून, गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि मधल्या भागावरून दोरीवर टाका. खांदपट्टीने टांगली तर ओल्या वजनाने ती लांबते. इस्त्रीने किंवा कडक उन्हात वाळवलं की इलॅस्टिक मरतं. पावसाळ्यात आलटून-पालटून निदान तीन हव्यात. कालची ओलसर ब्रा आज घालणं म्हणजे बुरशीला आमंत्रण, मग ती वायरची असो वा नसो.

चट्टा आलाच असेल तर घडी कोरडी ठेवा, पावडरीचे थर देऊ नका, आणि औषधाच्या दुकानातली स्टेरॉइड मिसळलेली क्रीम लावू नका. तिने खाज दबते आणि बुरशी आत पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणं स्वस्त पडतं.

वायरीने कर्करोग होतो ही भीती अजून ऐकू येते. सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या अभ्यासात ब्राच्या वापराशी, वायरीशीसुद्धा, असा संबंध आढळला नाही.

खरेदीचं म्हणाल तर म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात काउंटरवर पुरुष असतो, घालून पाहायला जागा नसते, आणि “तुमच्या साइजचं येत नाही” हे असं सांगितलं जातं की जणू चूक तुमच्या अंगाची. चूक साठ्याची आहे. लहान पट्टा आणि मोठा कप हे माप दुकानदार फारसं ठेवत नाहीत, म्हणून समोर येतं ते ४० सी. ते घेऊन गप्प बसू नका. ऑनलाइन मागवताना आपलं माप आणि त्याच्या शेजारचं (पट्टा एक नंबर मोठा, कप एक अक्षर लहान), म्हणजे वरच्या उदाहरणात ३४ ई आणि ३६ डीडी, दोन्ही मागवा. फक्त अंतर्वस्त्रं परत घेतात की नाही हे आधी वाचा, बरेच विक्रेते घेत नाहीत.

दोन वायरच्या बाहेरसाठी आणि एक बिनवायरची घरासाठी, अशी वाटणी मला तरी सोयीची वाटते. बसून काम असेल, बांधा हलका असेल तर उलटी वाटणी करा, बिघडत नाही. चवथीच्या साडीचा ब्लाउज शिवायला टाकायचा असेल तर ब्रा आधी घ्या आणि तीच घालून माप द्या. कप उचलला गेला की टक्स दीड-दोन इंच वर सरकतात, आणि जुन्या मापाचा ब्लाउज छातीवर झोळ देतो.