हॅलोविनला कोरायला कुठला भोपळा घ्यायचा: हाउडन, पाय पंपकिन, सिंड्रेला की पांढरा लुमिना?

ऑक्टोबर लागला की अमेरिकेत प्रत्येक दुकानाबाहेर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यांत भोपळ्यांचे ढीग लागतात आणि नवीन आलेल्यांना वाटतं सगळे केशरी, सगळे गोल, कुठलाही उचला. पण फरक पडतो हो, खूप पडतो, कारण कोरायला (म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी सालीवर डोळे-नाक-तोंड कापून आत दिवा ठेवायला) चांगला आणि खायला चांगला असे दोन वेगळे भोपळे आहेत.

कोरायचाच असेल तर मी डोळे झाकून हाउडन सांगेन. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन या शेतकऱ्याने निवडत निवडत तयार केलेली ही जात, आणि हॅलोविनचा भोपळा म्हटल्यावर डोळ्यासमोर जे चित्र येतं ते बहुतेक हिचंच. देठ जाडजूड, आत मोठी पोकळी, त्यामुळे हात आत घालून बिया आणि धागे खरवडता येतात, नि दिव्याचा उजेडही छान पसरतो. चवीला मात्र काही नाही, गर पाणचट आणि धाग्याधाग्यांचा, त्याची भाजी करायला जाऊ नका.

याच्या उलट पाय पंपकिन, म्हणजे शुगर पाय (हा ‘पाय’ म्हणजे इंग्रजी pie, गोड सारण भरून भाजलेला पदार्थ). चार-सहा पाउंडाचा, गोंडस, म्हणून मुलं हाच उचलतात, पण गर जाड आणि घट्ट, पोकळी एवढीशी, सुरी अडकते आणि नीट डोळे-नाक काढायला जागाच उरत नाही. लहान मुलांना रंगवायला द्या हा, आणि आठवड्याभरात रंग न दिलेल्या दुसऱ्या एकाचे घारगे करा, गर किसून गुळात शिजवला की मस्त होतात (आपला देशी दुकानात फोडी करून मिळणारा लाल भोपळा वेगळ्या जातीचा, पण घारग्यांना हाही चालतो).

सिंड्रेला दिसायला सगळ्यात देखणा, चपटा, लालसर केशरी, खोल खोल खाचांचा, मूळचा फ्रान्सचा. पण त्या खाचांवर स्टेन्सिलचा कागद बसतच नाही आणि भिंत जाड. न कापता पोर्चवर ठेवा, थंडीच्या आधी आत घ्या, थँक्सगिव्हिंगपर्यंत (नोव्हेंबरअखेरचा सण) सहज टिकतो आणि मग खाता येतो. लुमिना पांढरा, आतून केशरी, त्यामुळे कोरल्यावर कापलेल्या कडा उजेडात काय सुंदर दिसतात! साल गुळगुळीत, खाचा कमी, बारीक डिझाइनला हाच घ्यावा असं माझं मत. फक्त पांढऱ्यावर प्रत्येक खरचटा दिसतो नि उन्हात तो पिवळट पडतो, शिवाय सगळीकडे मिळत नाही.

आता कुठून घ्यायचा. दुकानात बहुतेक वेळा लहानमोठा सगळा एकाच भावात, म्हणजे मोठा घेतला तर फायदा, पण ढिगात खालचे दबलेले असतात आणि लोक देठाला धरून उचलतात त्यामुळे देठ तुटलेले असतात. पंपकिन पॅचवर, म्हणजे भोपळ्याच्या शेतावर जाऊन निवडून घ्यायचा तर, बऱ्याच ठिकाणी वजनावर पैसे, त्यात गवताच्या गाडीची फेरी वगैरे धरून महाग पडतं, पण भोपळा ताजा आणि देठ शाबूत. एकच भोपळा हवा असेल आणि जवळ शेत असेल तर मी शेतावरच जाईन, चार-पाच लागणार असतील तर दुकान.

कुठूनही घ्या, देठ आधी बघा. हिरवट, टणक, दोन-चार इंचांचा हवा, वाळून सुरकुतलेला नको, तुटलेला तर अजिबात नको कारण सड तिथूनच आत शिरते. मग उलटा करून बूड दाबा, कुठेही मऊ लागलं तर ठेवून द्या, बुरशी आधी बुडाला धरते. नखाने साल टोकरून बघा, नख सहज रुतलं तर तो कोवळा, लवकर सुकेल. सपाट जागी ठेवून डुगडुगतो का तेही बघा, आत दिवा ठेवायचाय. एकाच आकाराच्या दोघांत हलका असेल त्याची भिंत पातळ, कोरायला सोपा. मुलं मदतीला असतील तर तोच घ्या.

आणि घाई नको. अख्खा भोपळा थंड, सावलीच्या जागी महिनाभरही राहतो, पण एकदा कापला की साधारण तीन दिवस ते आठवडा, टेक्सास-फ्लोरिडाच्या उकाड्यात त्याहून कमी. म्हणून २९-३० तारखेलाच कोरा. झाकण वरून न कापता बुडातून किंवा मागून कापलं तर देठाचा भाग शाबूत राहतो आणि भोपळा लवकर आत बसत नाही, चेहऱ्याच्या बाजूची भिंत आतून खरवडून इंचभर जाड ठेवा, कापलेल्या कडांना व्हॅसलिन चोळा म्हणजे सुकत नाहीत. स्वयंपाकघरातली मोठी सुरी मुलांच्या हातात देऊ नका, कार्व्हिंग किटमधली छोटी करवत घसरत नाही तेवढी. मेणबत्तीपेक्षा बॅटरीवरचा एलईडी दिवा बरा, आतला गर तापून मऊ पडत नाही आणि लांब झग्यांचे ड्रेस घातलेली पोरं दारात गर्दी करतात तेव्हा जीवही टांगणीला लागत नाही.