पेटी चरखा घेताय? आधी चाती फिरवून बघा

ब्रीफकेससारखी बंद होणारी लाकडी पेटी, आत दोन आडवी चाकं, एक चाती (सुताला पीळ देणारी आणि ते गुंडाळणारी टोकदार सळई) आणि सूत उतरवायला घडीचा फाळका, म्हणजे सूत गुंडाळायची फिरती चौकट. याचं जुनं नाव येरवडा चक्र. १९३० च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी या चरख्यावर बरंच डोकं चालवलं, त्यावरून ते पडलं. उभ्या चाकाचा जुना चरखा घेऊन प्रवास करणं अवघड. ही पेटी रेल्वेच्या बाकाखाली मावते. खादी भांडारांत आणि वर्धा-सेवाग्राम भागात ती आजही विकत मिळते.

गांधीजींपासून काही शिकायचं आहे असं म्हणणाऱ्याला आम्ही हीच वस्तू सुचवू, कारण इथे शिकवण तारेत मोजली जाते. ४ फूट सूत म्हणजे १ तार, १६० तारांची १ लट, ४ लटींची म्हणजे ६४० तारांची १ गुंडी. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये (गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन) सभासदत्वासाठी महिन्याला २००० यार्ड सूत द्यायचं ठरलं. आकडा दांडगा वाटतो. पण २००० यार्ड म्हणजे १५०० तारा, म्हणजे रोजच्या ५०. सरावलेल्या हाताला हे पाव-अर्ध्या तासाचं काम आहे. केवढंही मोठं काम रोज झेपेल एवढ्या तुकड्यात आणायचं आणि मग एकही दिवस चुकवायचा नाही, ही त्यांची रीत या हिशेबात लख्ख दिसते.

आता पेटीबद्दल. दुकानात पॉलिश बघू नका, चाती बघा. मोठं चाक सावकाश फिरवा आणि चातीच्या टोकावर नजर ठेवा. टोक एका जागी स्थिर दिसलं पाहिजे. ते गोल फिरताना किंवा थरथरताना दिसलं तर चाती वाकलेली आहे, आणि अशा चातीवर सूत दर हातभर अंतरावर तुटेल. नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट. शिकणारे चरखा सोडून देतात त्यामागे हे कारण फार वेळा असतं. दुसरी चाती मागा, तीही फिरवून बघा, आणि एक जास्तीची घेऊन ठेवा.

मग वेग. मोठ्या चाकाची माळ, म्हणजे चाक फिरवणारी दोरी, छोट्या चाकाच्या मधल्या कप्पीवर जाते, छोट्या चाकाची माळ चातीवरच्या कप्पीवर. समजा मोठं चाक २० सेंटिमीटरचं आणि मधली कप्पी २ सेंटिमीटरची, तर १० पट. छोटं चाक १५ आणि चातीची कप्पी दीड, आणखी १० पट. म्हणजे मोठ्या चाकाची मूठ एकदा फिरवली की चातीचे १०० फेरे. पट्टी घेऊन मोजा. पुस्तकाएवढा छोटा चरखा दिसायला सुरेख असतो, पण त्याची चाकं लहान, त्यामुळे हात जास्त फिरवावा लागतो. रोज कातायचं असेल तर मोठी पेटीच घ्या.

माळ हा या यंत्राचा नाजूक भाग. ती सुती असते, त्यामुळे पावसाळ्यात दमट हवेने आखडते आणि चाक जड होतं. उन्हाळ्यात सैल पडून घसरते. घसरत असेल तर माळेवर राळ आणि मेण चोळा. तेल तिथे चुकूनही लावू नये. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चाती जिथे टेकते तिथे आणि एक-एक थेंब चाकांच्या आसांना, बस.

कातताना उजव्या हाताने मूठ फिरवायची, डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळलेली वात. पेळू चिमटीत असा धरायचा की कापूस आपसूक सुटत राहील. सूत चातीच्या टोकावरून तिरपं ओढत हात मागे न्यायचा, दोन-अडीच फुटांवर थांबायचं, दोन-तीन फेरे जास्तीचा पीळ द्यायचा. मग चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे आणि सूत चातीला काटकोनात आणून गुंडाळायचं. पीळ कमी पडला तर सूत कापसासारखं सुटून हातात येतं. पीळ जास्त झाला तर ढिलं सोडल्याबरोबर वेटोळी घालतं. पेळू घट्ट दाबला तर पीळ पेळूत शिरतो, मग ना कापूस सुटतो ना सूत लांबतं, मध्येच गाठ राहते. घाईचा हात, रागाचा हात, लक्ष नसलेला हात, सगळं त्या सुतावर उमटतं आणि पुसता येत नाही. गांधीजी रोजच्या कताईला यज्ञ का म्हणत, ते इथे कळू लागतं.

पहिले आठ-दहा दिवस वाया जाणारच. १९३२ मध्ये येरवड्यात कोपर दुखू लागलं तेव्हा गांधीजींनी पायाने चालवायचा मगन चरखा शिकायला घेतला. वय ६२, वर्षानुवर्षांची कताई पाठीशी, आणि तरी पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात. एवढ्या मोठ्या माणसाने नवशिक्या व्हायला लाज मानली नाही, हे आम्हाला त्यांच्या कित्येक भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं.

उणिवाही आहेत. चांगले पेळू सगळीकडे मिळत नाहीत. जुने, दबलेले पेळू दिले तर उत्तम चरखाही रडतो. पेळू कोरड्या डब्यात ठेवा, वर वजन नको. मोठ्या शहराबाहेर दुरुस्ती करणारा सापडणं कठीण, म्हणून माळ बदलायला घेतानाच शिकून घ्या. नुसता हात बसवायचा असेल, शाळेतल्या पोरांना शिकवायचं असेल, तर आधी टकळी, म्हणजे हाताने फिरवायची साधी चाती, घ्या. ती अगदी स्वस्त असते आणि पिळाचं गणित तीच जास्त चांगलं शिकवते.

फाळक्याशिवाय पेटी घेऊ नका. घेताना त्याचा परीघ दोरीने मोजा; ४ फूट भरला तर एक फेरा म्हणजे एक तार. गुंडी उतरवताना सुतावर थोडं पाणी शिंपडा, पीळ बसतो. मग गुंडी वजनाच्या काट्यावर ठेवा. ६४० तारांची गुंडी ४६ ग्रॅम भरली तर सूत १० नंबरचं, २३ ग्रॅम भरली तर २० नंबरचं; नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. सुरुवातीचं जाडंभरडं सूत आसनाच्या बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, चालतं. २० नंबरचं सूत एकसारखं निघू लागलं आणि ताणून तुटेनासं झालं की विणकराशी बोला. इंचाला ४० उभे आणि ४० आडवे धागे धरले तर एका चौरस मीटर कापडाला ४ गुंड्यांहून थोडं जास्त सूत लागतं.