बोरीबंदर ते भायखळा: अलीगढचा इतिहास सांगणारी पायी सहल

मी शाळेत इतिहास शिकवते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला वर्गात माझ्याकडून दोन मिनिटं मिळतात: सर सय्यद अहमद खान, १८७५, पुढचा मुद्दा. म्हणून मुंबईतूनच त्याचा इतिहास सांगणारी सहल आहे असं कळल्यावर भाचीला घेऊन गेले. माणशी ५०० रुपये, रविवारी सकाळी साडेसातला सुरुवात, सुमारे तीन तास.

सुरुवात सीएसएमटीसमोर, अंजुमन-ए-इस्लामच्या इमारतीपाशी होते. ही शिक्षणसंस्था १८७४ची, अलीगढच्या मदरशाच्या एक वर्ष आधीची (त्या मदरशाचंच पुढे कॉलेज आणि मग विद्यापीठ झालं). संस्थापकांत मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी. तिथे उभं राहून गाइडनं १८६९चा प्रवास सांगितला. सर सय्यद दोन मुलांसह विलायतेला निघाले ते मुंबईहूनच. सुएझ कालवा तेव्हा खुला झाला नव्हता, त्यामुळे मधला इजिप्तचा टप्पा रेल्वेनं. केंब्रिज पाहून परतले आणि तसं निवासी कॉलेज उभारायच्या मागे लागले. भाची इथे पहिल्यांदा मोबाइल खिशात ठेवून ऐकायला लागली.

पैशांची गोष्ट तर फारच छान रंगवली. कॉलेजसाठी सर सय्यदांनी लॉटरी काढली, राजेरजवाड्यांकडे हात पसरले, पतियाळाच्या महाराजांनीही देणगी दिली. कॉलेजचा पहिला पदवीधर ईश्वरी प्रसाद. हे नाव मी आता वर्गात सांगणार आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. गाइड पुन्हा पुन्हा "सर सय्यदांनी विद्यापीठ स्थापन केलं" म्हणत होता. ते गेले १८९८ साली. विद्यापीठाचा कायदा झाला १९२०मध्ये. मधली बावीस वर्षं गाळली तर सगळी झुंजच गळते. सरकारला आधी भरभक्कम निधी हवा होता. इस्माईली पंथाचे प्रमुख आगाखान यांनी पुढाकार घेऊन ३० लाखांची मोहीम काढली. पैसा जमत आला तसं सरकार म्हणालं, देशभरातली मुस्लिम कॉलेजं तुम्हाला जोडता येणार नाहीत. त्यावरून वर्षानुवर्षं घोळ चालला, तोवर बनारसचं हिंदू विद्यापीठ उभंही राहिलं. मी विचारल्यावर गाइडनं हे सगळं नीट सांगितलं, म्हणजे त्याला माहीत होतं. मग आधीच सांगावं. तय्यबजी आणि सर सय्यद यांचा काँग्रेसवरून झालेला वादही दोन वाक्यांत उरकला. १८८७च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष तय्यबजी, आणि मुसलमानांनी काँग्रेसपासून लांब राहावं असं सांगणारे सर सय्यद! मुंबईच्या सहलीत यावर अर्धा तास हवा.

क्रॉफर्ड मार्केटपासून मोहम्मद अली रोडवरून जे.जे.पर्यंतचा टप्पा मात्र वाया जातो. उड्डाणपुलाखाली रहदारीत काही ऐकू येत नाही, आणि इअरफोनची सोय नाही.

पण भायखळ्याला खिलाफत हाउससमोर सगळी भरपाई झाली. खिलाफत चळवळीचे नेते शौकत अली अलीगढचेच, कॉलेजच्या क्रिकेट संघाचे कप्तान. आगाखानांबरोबर विद्यापीठासाठी वर्गणी गोळा करत फिरले तेही हेच. आणि ऑक्टोबर १९२०मध्ये, विद्यापीठ हाताशी आलेलं असताना, असहकार चळवळीसाठी गांधीजींसोबत अलीगढला जाऊन "सरकारी मदतीचं शिक्षण सोडा" असं मुलांना सांगणारेही हेच. बाहेर पडलेल्या मुला-मास्तरांनी २९ ऑक्टोबरला तिथेच जामिया मिल्लिया हे वेगळं विद्यापीठ सुरू केलं. ते १९२५ला दिल्लीला गेलं. ज्या संस्थेसाठी दारोदार हिंडलो तिच्यातूनच मुलांना बाहेर बोलवायचं, याला काय काळीज लागत असेल. आमच्या ग्रँट रोडला या माणसाचं नाव आहे आणि मी ते नुसत्या पाट्यांवर वाचत आले.

पाचपैकी चार तारे. नववीच्या पुढच्या मुलांना जरूर न्यावं. पावसाळ्याआधी जा, पाणी सोबत ठेवा, आणि शेवटी प्रश्नांना वेळ असतो तेव्हा तय्यबजींचा विषय तुम्हीच काढा.