साताऱ्यात बारावीनंतर: वनस्पतीशास्त्र की पर्यावरणशास्त्र?

'निसर्गाची आवड आहे' म्हणणारी पोरं बीएस्सीला या दोन फाट्यांपाशी अडतात.

वनस्पतीशास्त्रात ओळख पक्की होते. कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम, तरी तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती वाढतात. मातीत नत्र कमी, म्हणून दोन्ही किडे खाऊन भागवतात. दवबिंदूच्या पानावरचा चिकट थेंब भिंगाखाली बघा, पुस्तकातली आकृती फिकी पडेल. वायतुरा तर शास्त्रीय नावातच सातारा घेऊन बसलाय. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात कासही आलं. अशी प्रयोगशाळा घराजवळ असताना लोक पुण्याला का पळतात, देव जाणे. पाठांतर मात्र भरपूर, आणि प्राणी जवळपास वगळलेलेच.

पर्यावरणशास्त्राचा पसारा मोठा: पाणी, हवा, कचरा, कायदे. कृष्णेच्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजाल, प्रकल्पांचे परिणाम-अहवाल वाचायला शिकाल. सल्लागार कंपन्यांत याचा उपयोग होतो. पण झाड ओळखताना गडबडाल.

एक गोष्ट प्रवेशाआधीच बघा. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेसाठी पदवीला जे विषय चालतात, त्यांत वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायन, भूशास्त्र आहेत, पर्यावरणशास्त्र नाही. वर्दीचं स्वप्न असेल तर जोडविषय जपून निवडा.

माझं मत विचाराल तर आधी वनस्पतीशास्त्र, मग एमएस्सीला पर्यावरण. कायदे नंतरही वाचता येतात, गवतं ओळखायची नजर विशीतच बसते.