विन्या तोंदोनिया रेझेर्वा : एकाच द्राक्षबागेची, सावकाश मुरलेली रेड वाइन

स्पेनच्या रिओहा प्रांतातील आरो गावी, रेल्वे स्थानकालगतच्या वस्तीत, लोपेस दे एरेदिया कुटुंबाची वायनरी १८७७ पासून उभी आहे. फायलोक्सेरा किडीने फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्यावर तेथील व्यापारी वाइनच्या शोधात आरोला आले आणि त्यांचे काम जवळून पाहिलेल्या राफाएल लोपेस दे एरेदिया यांनी स्वतःचा उद्योग सुरू केला. एब्रो नदीच्या वळणातील, शंभर हेक्टरांहून मोठी तोंदोनिया ही बाग त्यांनी १९१३-१४ मध्ये लावली. या वाइनची सगळी द्राक्षे तिथलीच असतात. त्यांत बहुतांश तेम्प्रानियो, त्याखालोखाल गार्नाचो आणि थोडी ग्रासियानो व मासुएलो.

रिओहाच्या नियमानुसार ‘रेझेर्वा’ म्हणवून घेण्यासाठी तीन वर्षांचे मुरवणे, त्यातही लाकडी पिंपात एकच वर्ष, पुरेसे असते. ही वाइन मात्र पिंपातच सुमारे सहा वर्षे राहते. पिंपे अमेरिकन ओकची असून वायनरीच्या स्वतःच्या कारखान्यात तयार होतात, आणि ती जुनी असल्यामुळे लाकडाचा उग्र वास वाइनवर स्वार होत नाही. या काळात वाइन वर्षातून दोनदा एका पिंपातून दुसऱ्यात काढतात, ताज्या अंड्यांच्या पांढऱ्या बलकाने निवळतात आणि न गाळताच बाटलीत भरतात. खडकात खोदलेल्या तळघरांतली कोळ्यांची जाळी मुद्दाम काढत नाहीत, कारण बुचे पोखरणारे पतंग कोळी खातात.

ग्लासात रंग गडद नसतो. कडेला विटकरी छटा दिसते. वाळवलेली चेरी, संत्र्याची साल, चामडे, तंबाखू आणि मागे नारळाचा पुसट गंध, असे हे गंध एकेक करून उलगडतात. चवीत आम्लता ठसठशीत आणि टॅनिनचा तुरटपणा मऊ झालेला असतो. भरघोस, गोडसर फळांच्या चवीची अपेक्षा ठेवणाऱ्याला ती पातळ वाटेल, आणि त्याने ती घेऊ नये असेच माझे प्रामाणिक मत आहे. मला मात्र वयाबरोबर टवटवी न गमावणारी अशी रेड वाइन क्वचितच मिळते.

बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. सोळा ते अठरा अंश तापमानाला ती सर्वांत चांगली लागते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे आवश्यक आहे. रिओहात द्राक्षवेलींच्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या चापांबरोबर अशी वाइन घेतात; आपल्याकडे कमी तिखटाचे भाजलेले मटण तिला शोभेल, तांबड्या रश्श्यापुढे मात्र तिचे बारकावे हरवतील. शक्य असल्यास याच कुटुंबाच्या एल बोस्के बागेतील विन्या बोस्कोनिया शेजारी ठेवून चाखावी, म्हणजे एकाच पद्धतीने मुरवलेल्या दोन बागांमधला फरक जिभेला थेट कळतो.