लेबल ४० व्होल्टचं, आत सेल पाच

काल रात्री दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या एका फिटर मित्राचा फोन आला. म्हणे नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात एकजण भेटला, ड्रिल मशीनच्या नवीन बॅटरीचा लॉट येतोय, जुन्या बॅटऱ्या घेऊन ये, वरचा फरक भर, बाजारात यायच्या आधी माल तुझ्या हातात. मी एकच विचारलं, बोलतो कसा? तर म्हणे मालवणी, आपल्याकडचाच आहे. झालं, माझी झोप उडाली. वर्षभर लाजेपायी कुणाला बोललो नव्हतो, आता सगळं लिहूनच टाकतो.

मी भांडुपचा, मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबची फिटिंगची कामं करतो, हाताखाली दोन पोरं. आमच्या धंद्यात कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवरची मशीन, हा शौक नाय, नवीन टॉवरमध्ये फ्लॅटला मीटरच लागलेला नसतो, लॉबीतून वायर ओढली की वॉचमन येऊन उभा राहतो, आणि जिथे लोक राहायला आलेत तिथे सोसायटी दुपारी दोन ते चार मशीन बंद करायला लावते, मग उरलेल्या वेळात बॅटरी मेली तर दिवस गेला समजा. माझ्याकडे १८ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या होत्या, ५ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे चार्ज किती मावतो ते), ओरिजिनल, पाच वर्षं वापरलेल्या पण ठणठणीत. प्रत्येकीच्या तळाला बायकोच्या नेलपेंटचा लाल ठिपका मारलेला, कारण साइटवर इलेक्ट्रिकवाले, पीओपीवाले सगळ्यांच्या बॅटऱ्या सारख्याच दिसतात आणि संध्याकाळी भांडणं होतात.

तर नागदेवी स्ट्रीटला बिजागरीची कटर आणि बिटं घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर एक पन्नाशीचा माणूस, माझ्या पिशवीतलं ड्रिल बघून म्हणाला, तुम्ही खंयचे? कुडाळ म्हटल्यावर लगेच गाव, वाडी, कुणाचो कोण सगळं झालं, चहा त्यानेच पाजला. तिथेच मी अर्धा गेलो होतो खरं म्हणजे.

मग हळूच म्हणाला, १८ व्होल्ट आता संपला हां, सगळे ४० वर चालले, दोन वर्षांनी तुझ्या मशीनला बॅटरी शोधत फिरशील. आता यात अर्धं खरं आहे म्हणून तर माणूस फसतो. मकिता कंपनीने ४० व्होल्टची एक्सजीटी नावाची सिरीज आणली हे खरंच आहे. पण त्यांची १८ व्होल्टची एलएक्सटी २००५ पासून चालू आहे आणि ४० आली म्हणून ती बंद केली नाय, दोन्ही शेजारी शेजारी विकतात. आणि एवढं मला तेव्हा पण माहीत होतं की ४० ची बॅटरी १८ च्या मशीनला बसतच नाही, खाचाच वेगळ्या. म्हणून मी विचारलं, काका, माझ्या जुन्या बॉड्यांचं काय, पाच मशीनं आहेत माझी.

ह्या प्रश्नाची तो वाटच बघत होता. म्हणाला, हीच तर मजा, ही नवीन बॅटरी दोन्हीला बसते, नवीन मशीनला ४० देते, जुन्याला १८. मी म्हटलं असं कसं होईल. तर म्हणाला, डिवॉल्ट कंपनीचा फ्लेक्सव्होल्ट ठाऊक नाय? आणि तो खरोखर आहे हो! २०१६ ला आला, आत १५ सेल, पाच-पाचचे तीन गट, मोठ्या मशीनला लावली की तिन्ही गट एकामागे एक जोडले जातात आणि ६० व्होल्ट मिळतात, छोट्या मशीनला लावली की तेच गट बाजूबाजूला जोडून २० व्होल्ट. मी घरी येऊन मोबाइलवर बघितलं, त्याचा शब्दन् शब्द बरोबर निघाला. म्हणजे माणूस जाणकार आहे असं धरून चाललो. एका कंपनीने केलंय ते खरं, म्हणून ह्याच्या पिशवीतलं पण खरं, हे कुठल्या हिशोबाने मी जोडलं देव जाणे.

सौदा असा ठरला: इम्पॅक्ट ड्रायव्हर (स्क्रू मारायचं मशीन), ‘४० व्होल्ट ६ एएच’ लिहिलेल्या दोन बॅटऱ्या, चार्जर, प्लास्टिकची पेटी. बदल्यात माझ्या तिन्ही जुन्या बॅटऱ्या आणि वर १४,५०० रुपये. यूपीआयवर नाव कुठल्या दुकानाचं नाय, एका बाईचं आलं, तर म्हणाला मिसेसचं अकाउंट. बिल मागितलं तर माल अजून लाँच व्हायचाय, बिल मागनं येईल. बायको घरी म्हणाली, बिल नसलेली वस्तू तुम्ही गिऱ्हाइकाकडून तरी घ्याल का? मी तिलाच ओरडलो.

पहिले दोन दिवस झकास. घाटकोपरला एका किचनचे कॅरकस, म्हणजे कपाटाचे खोके, जोडत होतो, प्लायमध्ये स्क्रू सरसर जात होते. तिसऱ्या दिवशी भिंतीत होल मारायला माझ्या जुन्या हॅमर ड्रिलला तीच बॅटरी लावली, बसली पण मस्त, आणि काँक्रीटवर टेकवलं की मशीन बंद. सोडलं की पुन्हा चालू, दाबलं की बंद. चार्जचे चारही दिवे पेटलेले दिसतायत आणि जोर काढला की बसते. आठवड्याभरात वीस मिनिटं पण टिकेना. पोरगा म्हणाला, दादा ही किती हलकी आहे, आधीची हातात जाणवायची. मला ते फुलासारखं हलकं असणं नवीन टेक्नॉलॉजी वाटत होतं!

खाली भाजीवालीच्या काट्यावर ठेवली, ३९० ग्रॅम. समोर काम करणाऱ्या एसीवाल्याची ओरिजिनल ५ एएच मागून ठेवली, ती सहाशेच्या वर. तिथे माझ्या पोटात गोळा आला. कारण बघा, अंगठ्याएवढा जो सेल असतो, १८६५० म्हणतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, तो साधारण ४५-४८ ग्रॅमचा. एकाचे ३.६ व्होल्ट, फुल चार्जला ४.२. पाच जोडले की १८, फुल चार्जला २१, म्हणून कुणी १८ लिहितो कुणी २०, वस्तू तीच. ४० म्हणवणाऱ्याला किमान दहा एकामागे एक पाहिजेत, आणि ह्या सेलमध्ये ६ एएच एकट्याने येत नाही, म्हणजे तीन-तीन एएचच्या जोड्या, एकूण वीस सेल. नुसते सेलच नऊशे ग्रॅम होतात. माझी अख्खी बॅटरी प्लास्टिकसकट ३९०.

मल्टीमीटर लावला, २०.६ व्होल्ट. त्या माणसाला फोन केला तर हसला, अरे मशीनात लावल्यावर ४० होता, बाहेर २० च दिसतला, तुका सांगितलंय ना फ्लेक्सव्होल्टचा. आणि हे परत बरोबर! फ्लेक्सव्होल्ट बाहेर मोजली तर २० च दाखवते. म्हणजे त्याने पहिल्याच दिवशी माझ्या मल्टीमीटरची सोय करून ठेवली होती.

मग लॅमिंग्टन रोडला बॅटरी रिपेअरवाल्या पोराकडे गेलो आणि खोलूनच घेतली. झाकण निघालं, आत पाच सेल. पाच! बाकीच्या जागेत फोम कोंबलेला. पाच सेल कसेही जोडा, आडवे उभे, ह्या मशीनात त्या मशीनात, २१ च्या वर जाणारच नाहीत. दुसरी बॅटरी पण तीच. सेलवर नवीन गुलाबी सालं चढवलेली, ते सोलल्यावर टोकाला जुन्या वेल्डिंगचे ठिपके, म्हणजे कुठल्यातरी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले. तो पोरगा म्हणाला, लॅपटॉपचा सेल हळूहळू करंट द्यायला बनवलेला असतो, ड्रिलला एकदम झटका लागतो, व्होल्टेज खाली बसतं आणि सर्किट कट मारतं. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणाऱ्या बारीक वायरी असतात त्या पण नव्हत्या, एखादा सेल आधी भरून ४.२ च्या वर गेला तरी चार्जरला पत्ता नाही. मी हे धूड रात्रभर बेडच्या बाजूला चार्जिंगला लावत होतो, पोरं झोपलेली असायची तिथे.

फोटो पाठवले. उत्तर काय आलं माहितीये? खोललंस ना, आता वॉरंटी गेली. त्यानंतर नंबर बंद. चार वेळा नागदेवीला चकरा मारल्या, ज्या पायरीवर भेटला त्या दुकानदाराने हात वर केले, इथे रोज शंभर माणसं बसतात म्हणाला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ डायल करायला घेतला आणि आधी स्वतःच्या हातात काय आहे ते बघितलं, बिल नाय, दुकान नाय, एका बाईचं नाव आणि १४,५०० चा स्क्रीनशॉट.

पैशापेक्षा जीव जळला तो तीन बॅटऱ्यांसाठी. नंतर लक्षात आलं, त्याला माझे पैसे वरचे होते, खरा माल त्याच होत्या. ओरिजिनल सेल, ओरिजिनल बॉडी, तशाच विकल्या तरी कुणीही घेईल आणि खोलून विकल्या तर बॉडीत पुन्हा असाच कचरा भरता येतो. पावसाळ्यात एकदा चोर बाजारात फिरताना फुटपाथवर चार-पाच बॅटऱ्या मांडलेल्या, सवयीने एक उलटी केली तर तळाला लाल ठिपका. वजनावरून सेल आतच होते. विकणारा पोरगा वेगळाच, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. २,२०० म्हणत होता, घासाघीस करून १,८०० ला घेतली, माझीच बॅटरी. बाकी दोन कुठे गेल्या कुणास ठाऊक.

दिव्याच्या मित्राला तो आता ४० व्होल्ट सांगत नाय, टॅबलेस सेल सांगतोय, म्हणजे आत करंटसाठी एकच बारीक पट्टी नसलेला सेल. तेही खरंच आहे, मोठ्या कंपन्यांनी टॅबलेस सेलच्या बॅटऱ्या आणल्यात, कमी तापतात आणि जोर जास्त देतात. मी मित्राला म्हटलं जा, भेट, पण जुनी बॅटरी घरी ठेव आणि खिशात छोटा वजनकाटा घेऊन जा, सेल किती ते विचार, बिलावर जीएसटी नंबर माग आणि पैसे दुकानाच्याच नावावर जातायत का बघ. गावाचा विषय निघाला तर सांग मी विदर्भातला.

आज दुपारी त्याचा मेसेज आला. काटा बघून तो माणूस चहा अर्धा टाकून उठला म्हणे, चहाचे पैसे ह्यालाच द्यावे लागले.